शर्यतीआधीची परीक्षा : टायर आणि वारा

मोटारींच्या शर्यतींचे निकाल वर्तमानपत्रांत येतात. कोण पहिला आला, किती सेकंदांनी आला, कोणाची गाडी वाटेत बंद पडली, एवढे आपल्याला कळते. पण हंगाम सुरू होण्याच्या थोडे आधी ह्याच मोटारी दिवसच्या दिवस ट्रॅकवर फेऱ्या मारीत असतात. तिथे बक्षीस नाही, गुण नाहीत, पुष्कळदा प्रेक्षकही नसतात. तरी वर्षभर कोण पुढे राहणार आणि कोण मागे रखडणार याचा बराचसा उलगडा त्या दिवसांत होतो. मात्र तो वाचता आला पाहिजे.

आज आपण त्या सरावाविषयी, किंवा खरे म्हणजे त्या परीक्षेविषयी बोलणार आहोत. तिच्यात मुख्य विषय दोन, टायर आणि वारा. शाळेच्या वेळापत्रकात भूगोलाचा तास वेगळा आणि गणिताचा वेगळा, तसे हे विषय वेगळे राहत नाहीत. वाऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा टायरवर लिहिलेले सापडते.

एक उदाहरण घेऊ. फॉर्म्युला वन ही मोटार शर्यतींतली सर्वांत वरच्या पायरीची स्पर्धा. २०२२ साली तिचे नियम मुळापासून बदलले. दहाही संघांनी नव्या मोटारी बांधल्या, संगणकावर तपासल्या, वाऱ्याच्या बोगद्यात महिनोन्‌महिने पारखल्या, आणि २३ फेब्रुवारीला त्या स्पेनमधल्या बार्सिलोना शहराजवळच्या ट्रॅकवर आणल्या. सरळ रस्ता लागला, वेग तीनशेकडे चढू लागला, आणि एकामागून एक गाड्या उसळू लागल्या. खड्डा नाही, उंचवटा नाही, रस्ता तर गुळगुळीत. तरी गाडी खाली बसे, वर उठे, पुन्हा खाली बसे, आणि तेही एका सेकंदात कितीतरी वेळा. चालकांची शिरस्त्राणे वरखाली होताना लांबूनही दिसत होती. जगातली एवढी हुशार माणसे, एवढा पैसा, आणि पहिल्याच दिवशी असे का व्हावे?

याचे उत्तर मिळायला आधी वाऱ्याची आणि टायरची नीट ओळख करून घ्यावी लागेल.

कुळव चालवताना पाते जमिनीत नीट शिरावे म्हणून आपण त्यावर उभे राहतो, नाहीतर एखादा दगड ठेवतो. भार पडला की पाते धरते. पण त्या भाराची किंमत बैलांना मोजावी लागते, कारण तो दगड त्यांना ओढावा लागतो आणि शेताच्या टोकाला वळवावाही लागतो. शर्यतीच्या मोटारीला हीच अडचण असते. वळणावर चाके रस्त्याला घट्ट धरून राहायची तर त्यांच्यावर भार हवा. पण गाडीत वजन भरले तर तेच वजन वळणावर गाडीला बाहेर फेकू पाहते. मग दाबायचे कशाने? वाऱ्याने. वारा वरून दाबतो, पण त्याला स्वतःला वळवावे लागत नाही. कुळवावर बसलेला, पण बैलांना वळवावा न लागणारा असा हा माणूस आहे! अर्थात तोही अगदी फुकट बसत नाही. समोरून येणाऱ्या हवेचा अडथळा वाढतो आणि सरळ रस्त्यावर थोडा वेग जातो. इंग्रजीत ह्या दाबाला डाऊनफोर्स म्हणतात. आपण त्याला हवेचा भार म्हणू.

हा भार दोन ठिकाणांहून येतो. एक म्हणजे गाडीच्या पुढे आणि मागे लावलेले पंख. विमानाचा पंख विमानाला वर उचलतो. इथे तोच पंख उलटा बसवलेला, म्हणून तो खाली दाबतो. दुसरी जागा अशी की जी सहज कुणाच्या ध्यानात येणार नाही. ती म्हणजे गाडीचे पोट. गाडीचा तळ आणि रस्ता यांच्यामध्ये थोडीशी फट असते. तळाला विशिष्ट आकार दिला की त्या फटीतून जाणारी हवा, अरुंद घळीत शिरलेल्या नदीप्रमाणे, जोराने धावू लागते. आणि जिथे प्रवाहाचा वेग वाढतो तिथे त्याचा दाब उतरतो. डॅनिएल बर्नुली याने ही गोष्ट १७३८ साली आपल्या ग्रंथात मांडली. खाली दाब कमी, वर नेहमीचा; साहजिकच वरची हवा गाडीला रस्त्याकडे ढकलते.

शिक्षक बंधुभगिनींनी हे वर्गात दाखवायला काही आणायला नको. वहीचे दोन कागद बोटभर अंतरावर समोरासमोर लोंबते धरा आणि मधून जोरात फुंकर मारा. मुले म्हणतील, कागद लांब जातील. ते जवळ येतात! ही फुंकर लक्षात ठेवा, कारण गाड्यांच्या त्या उसळण्याचे मूळ इथेच आहे.

आता एक हिशेब. हवेचा भार वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट केला की भार चौपट, तिप्पट केला की नऊपट. म्हणजे ताशी १०० किलोमीटरला जेवढा भार असेल त्याच्या नऊपट ३०० ला. २०२२ च्या नियमाप्रमाणे गाडीचे चालकासह, पण इंधनाशिवाय, किमान वजन ७९८ किलो होते. मोठ्या वेगात हवेचा भार ह्या वजनालाही मागे टाकतो. हा सगळा बोजा शेवटी कोण पेलते? चार टायर. रस्त्याला प्रत्यक्ष टेकलेली त्यांची जागा हाताच्या पंजाच्या हिशेबात मोजावी एवढीच असते.

तेव्हा आता टायरकडे वळू. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असते. ती झिजते, पण वर्षानुवर्षांनी. शर्यतीचा टायर अर्ध्यापाऊण तासात निकामी होऊ शकतो. ही त्याची उणीव नव्हे, तो तसाच बनवलेला असतो. त्याचे रबर मऊ असते. ते रस्त्यातल्या खडीच्या बारीक फटींत शिरते, तिथे चिकटते, आणि बाहेर निघायला किंचित वेळ लावते. ह्यालाच पकड म्हणायचे. रबर जितके मऊ तितकी पकड चांगली आणि आयुष्य कमी. मिलान शहरातली पिरेली ही कंपनी २०११ पासून सर्व संघांना टायर पुरवते. २०२२ मध्ये तिने कोरड्या रस्त्यासाठी पाच प्रकारची रबरे दिली होती. सी-१ सर्वांत कठीण, सी-५ सर्वांत मऊ.

रबराची उष्णतेशी मोठी नाजूक जवळीक असते. शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास ते उत्तम चालते. थंड असले तर ताठर राहते आणि वरचा थर फाटून त्याच्या लहान लहान गुंडाळ्या होतात. खोडरबराने जोरात खोडले की कागदावर जसा चुरा जमतो, अगदी तसे. त्याला ग्रेनिंग म्हणतात. उलट टायर आतून फार तापला तर तव्यावरच्या भाकरीसारखे त्याला फोड येतात आणि ते फुटून खळगे पडतात. आणखी एक तऱ्हा आहे, ती सर्वांत फसवी. टायर डोळ्यांना धडधाकट दिसतो, रबरही पुष्कळ शिल्लक असते, पण तापून तापून त्याचा चिकटपणा गेलेला असतो. झिजलेला टायर ओळखता येतो. हा असा दमलेला टायर घड्याळाशिवाय कळत नाही.

इथे मुलांना विचारण्याजोगा एक प्रश्न आहे. हवेचा भार वाढवला तर टायर जास्त झिजेल की कमी? सगळे म्हणतील, जास्त. दाबून घासले की जास्त झिजणारच! पण ट्रॅकवर पुष्कळदा उलटे घडते. ज्या गाडीवर हवेचा भार भरपूर, तिचे टायर जास्त टिकतात. कारण रबराला खातो तो मुख्यतः भार नव्हे, घसरणे. भार कमी पडला की गाडी वळणावर जागा धरीत नाही, बाहेरच्या बाजूला सरपटते. सरपटली की रबराचा वरचा थर तापतो. तापला की पकड आणखी कमी होते, म्हणजे आणखी सरपटणे. दोरीवरून हात घसरू लागला की साल निघते. घट्ट धरलेल्या हाताची निघत नाही, तसेच हे.

मात्र हेही सरसकट नाही. फार वेगवान, फार लांब वळण असेल तर नुसत्या भारानेच टायर चेपून आतून तापतो. शिवाय भार दुप्पट केला म्हणून पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. आणि भाराला मर्यादा असते, ती ओलांडली तर जिवाशी गाठ. अमेरिकेत इंडियानापोलिस येथे जून २००५ मध्ये काय झाले पहा. तिथल्या एका उतरत्या कडेच्या वेगवान वळणावर मिशलिन कंपनीचे टायर टिकेनात. सरावात अपघात झाला. पूर्ण वेगाने त्या वळणावर आमचे टायर सुरक्षित नाहीत, असे खुद्द कंपनीने संघांना कळवले. शर्यतीच्या दिवशी वीस गाड्या रांगेने निघाल्या, आणि ओळखफेरी संपताच मिशलिनच्या चौदा गाड्या वळून आत निघून गेल्या. हजारो लोकांसमोर उरलेल्या सहा गाड्यांची शर्यत झाली. लोक चिडले, आणि त्यांचे चिडणे रास्तच होते. पण मला विचाराल तर त्या दिवशी गाड्या आत गेल्या हेच बरे झाले.

आता परीक्षा कुठे घेतात ते पाहू, कारण जागा बदलली की टायरची कहाणी बदलते. बार्सिलोनाचा ट्रॅक १९९१ साली सुरू झाला. तिथले तिसरे वळण उजवीकडे लांबच लांब घेत जाते. गाडी उजवीकडे वळताना भार डाव्या चाकांवर पडतो. त्यामुळे तिथे डावा पुढचा टायर सर्वांआधी हात टेकतो. दुसरी जागा म्हणजे इराणच्या आखातातले बहरीन हे बेट. तिथला ५.४१२ किलोमीटरचा ट्रॅक २००४ चा. त्याच्या डांबरातली खडी मुद्दाम इंग्लंडमधल्या श्रॉपशायर परगण्यातून आणली. ती खरखरीत आणि कठीण. ह्या मार्गावर हळू वळणे बरीच, आणि प्रत्येक हळू वळणातून बाहेर पडताना इंजिनाचा सारा जोर मागच्या चाकांवर येतो. म्हणून इथे मागचे टायर आधी संपतात. शिवाय वाळवंट जवळ. वारा सुटला की वाळू रस्त्यावर येते. १२ मार्च २०२१ रोजी तर चाचणीच्या पहिल्याच दिवशी वाळूचे वादळ आले होते. आणखी एक मेख अशी की, बहरीनची शर्यत २०१४ पासून दिव्यांच्या उजेडात होते. भर दुपारच्या तापलेल्या डांबरावर मिळालेली माहिती रात्रीच्या शर्यतीला फारशी उपयोगी नाही. खरी किंमत संध्याकाळच्या एकदोन तासांना.

आणि वेळ किती थोडा! पूर्वी संघ वर्षभर वाटेल तितका सराव करीत. २००९ पासून हंगामातल्या सरावावर कडक बंधने आली. २०२३, २०२४ आणि २०२५ ह्या तिन्ही वर्षी हंगामाआधी बहरीनमध्ये फक्त तीन तीन दिवस मिळाले, आणि तेही एका संघाला एकच गाडी. दोन चालक तिच्यावर पाळीपाळीने बसतात. दोन पोरांत एकच पाटी असावी तशी गत.

ह्या थोड्या वेळात करतात तरी काय? सकाळी पहिल्यांदा गाडी बाहेर येते तेव्हा तिच्या पुढच्या चाकांमागे एक मोठी जाळीची चौकट बांधलेली दिसते, एखाद्या शेताचे कवाडच उपटून आणल्यासारखी. त्या चौकटीत ओळीने बारीक नळ्या असतात. आंरी पितो नावाच्या फ्रेंच इंजिनियराने १७३२ साली नदीचा वेग मोजायला जी नळी काढली, तिचेच हे वंशज. चालकाने एकाच ठराविक वेगाने सरळ जायचे, वेग तसूभरही बदलू द्यायचा नाही. नळ्या हवेचा दाब टिपतात, आणि चाकामागे हवा कुठे शांत आहे, कुठे भोवरे आहेत याचा नकाशा तयार होतो. फिरते चाक हवेला फार घुसळते. ती घुसळलेली हवा गाडीच्या पोटाखाली जाऊ द्यायची नाही, हा मोठा खटाटोप असतो.

दुसरी युक्ती मुलांना फार आवडेल. पंखावर किंवा अंगावर तेलात कालवलेला भडक रंग फासतात आणि गाडी एक फेरी फिरवून आणतात. वारा रंगाला ओढून नेतो आणि आपली वाट स्वतःच चितारून ठेवतो. रेषा सरळ आणि लांब असतील तर हवा अंगाला धरून गेली. रंग थबकून थेंब साचले असतील तर तिथे हवेने अंग सोडले. छायाचित्रे काढायची, रंग पुसायचा, पुढच्या कामाला लागायचे.

ह्या सगळ्यांत शिस्त एकच, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पंखाचा कोन बदलला तर टायर तोच, इंधन तेवढेच, चालक तोच. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी सुधारली, तर गुण कोणाला द्यायचा? एका वाफ्यात बियाणेही नवे आणि खतही नवे घातले, तर पीक कशाने आले हे कोण सांगणार?

दुपारनंतर लांब पल्ल्याच्या फेऱ्या सुरू होतात. माझ्या मते सगळ्या परीक्षेतला सर्वांत सांगण्याजोगा भाग हाच. टाकी भरून चालक ओळीने पंधरा-वीस फेऱ्या मारतो, आणि इंजिनियर प्रत्येक फेरीचा वेळ लिहून घेतात. यातले गणित आपण फळ्यावर करू शकतो. २०२२ च्या नियमाने एका शर्यतीला जास्तीत जास्त ११० किलो इंधन. बहरीनच्या फेऱ्या ५७. म्हणजे एका फेरीला सुमारे १.९ किलो इंधन जळते. एक किलो वजन कमी झाले की फेरीचा वेळ साधारण ०.०३ सेकंदाने घटतो, असा एक ठोकताळा आहे. ठोकताळाच तो, वेदवाक्य नव्हे. ह्या हिशेबाने प्रत्येक फेरीला गाडी आपोआप ०.०६ सेकंद जलद व्हायला हवी, नुसती हलकी होते म्हणून.

आता समजा एका गाडीची पहिली फेरी १ मिनिट ३७.० सेकंदांत झाली आणि पंधरावी १ मिनिट ३७.७ मध्ये. वरवर पाहता नुकसान सात दशांश. पण मधल्या चौदा टप्प्यांत हलकेपणामुळे ०.८४ सेकंदांचा लाभ व्हायला हवा होता, तोही टायरने गिळला! म्हणजे टायरचे खरे नुकसान १.५४ सेकंद. दुसऱ्या संघाची गाडी पहिल्या फेरीला १ मिनिट ३७.४ आणि पंधराव्या फेरीला ३७.५, असे समजू. सुरुवातीला ही मागे. पण दोघींची चाल अशीच राहिली तर दहाव्या फेरीच्या सुमारास ती पहिलीच्या बरोबरीला येते, आणि वीस-एक फेऱ्यांनंतर एकूण वेळेतही पुढे जाते. वर्गात ह्या दोन रेघा आलेखाच्या कागदावर काढून पहा. कुठे छेदतात ते मुले लगेच दाखवतील.

टायर बदलून आणले की त्यांनाही हाताने चाचपून, मोजून, उजेडात धरून वाचतात. चपला दुरुस्त करणारा जाणता कारागीर टाच कुठे झिजली ते बघून माणसाची चाल सांगतो ना, त्यातलाच हा प्रकार. पुढचे टायर जास्त खरवडलेले असतील तर गाडीचे नाक वळणावर पुरेसे दबत नाही, तेव्हा पुढच्या पंखाला थोडा जास्त कोन द्यावा. मागचे असतील तर उलट. मी सुरुवातीला म्हटले की वाऱ्याचे उत्तर टायरवर लिहिलेले असते, ते ह्याच अर्थाने.

मग वर्तमानपत्रांत रोज संध्याकाळी येणारा तो वेगवान फेरीचा तक्ता? माझ्या मते सगळ्या कागदांत तो सर्वांत कमी उपयोगाचा. टाकीत किती इंधन होते हे कोणी सांगत नाही, आणि तीस किलोचा फरक म्हणजे जवळजवळ एक सेकंद! चांगला पैलवान कुस्तीच्या आधी तालमीत सगळे डाव दाखवीत नाही, तसे काही संघ मुद्दाम हात राखून असतात. २०२२ मध्ये बार्सिलोनाच्या शेवटच्या दिवशी पहिल्या दोन जागा मर्सिडीजच्या. लुईस हॅमिल्टनची फेरी १ मिनिट १९.१३८ सेकंदांची. वर्षाअखेर तो संघ तिसरा. बहरीनच्या शेवटच्या दिवशी रेड बुलचा मॅक्स व्हर्स्टापेन पहिला आणि हास संघाचा मिक शूमाखर दुसरा. व्हर्स्टापेन त्या वर्षी जगज्जेता झाला खरा, पण हास संघ दहांत आठवा. आणि आठवड्याभराने, रविवारी २० मार्चला, त्याच बहरीनला झालेल्या पहिल्या शर्यतीत रेड बुलच्या दोन्ही गाड्या इंधनाच्या बिघाडाने शेवटच्या काही फेऱ्यांत बंद पडल्या. फेरारीचा शार्ल लक्लेर जिंकला. तक्त्याने निम्मे खरे सांगितले, पण निम्मे कोणते ते सांगितले नाही.

आता त्या उसळणाऱ्या गाड्यांकडे. तुमच्या ध्यानात आलेच असेल की २०२२ च्या नियमांनी गाडीच्या पोटाला पुन्हा महत्त्व दिले होते. पुन्हा म्हणायचे कारण असे की ही विद्या नवी नव्हे. इंग्लंडच्या लोटस संघाने १९७७ आणि १९७८ मध्ये तळाखाली असेच हवेचे मार्ग काढले, आणि मारिओ आंद्रेत्ती १९७८ चा जगज्जेता झाला. पण लोटसची १९७९ ची गाडी अशीच उसळू लागली. १९८३ पासून तळ सपाट असावा असा नियम आला आणि तो प्रश्न चाळीस वर्षे झाकून राहिला.

उसळणे होते कसे? वेग वाढतो, पोटाखालची हवा गाडीला खाली ओढते. गाडी खाली आली की फट अरुंद होते, प्रवाह आणखी जोराने धावतो, ओढ आणखी वाढते. असे होता होता फट इतकी बारीक होते की हवेचा प्रवाह गुदमरतो आणि ओढ एकदम तुटते. दबलेले टायर आणि स्प्रिंगा गाडीला वर उसळवतात. वर आली की फट मोकळी, हवा पुन्हा धावते, पुन्हा ओढ. डॉल्फिनच्या जातीचा पॉरपॉइज नावाचा सागरी प्राणी असाच बुडी मारीत आणि वर येत पोहतो. त्यावरून ह्या खोडीला इंग्रजीत पॉरपॉइझिंग म्हणतात. आपल्या दोन कागदांमध्ये तुम्ही सतत जोरात फुंकर मारीत राहिलात तर कागद नुसते चिकटून बसत नाहीत, फडफडतात. तीच गोष्ट.

वाऱ्याच्या बोगद्यात हे दिसले नाही, कारण नियमाने तिथे गाडीची साठ टक्के आकाराची प्रतिकृती वापरायची आणि वारा सेकंदाला ५० मीटर, म्हणजे ताशी १८० किलोमीटरच्या वर न्यायचा नाही. खरी गाडी ३०० ला धावते. वर्गाचा नियम लावला तर भार पावणेतीन पटींहून जास्त. शिवाय प्रतिकृती वरून दांड्याने धरलेली असते. ती खऱ्या स्प्रिंगांवर आणि खऱ्या टायरांवर मोकळी उभी नसते, म्हणून तिला उसळायची मुभाच नसते. त्याच वर्षी चाकाची रिम १३ इंचांवरून १८ इंचांवर गेली, टायरची बाजू आखूड आणि ताठर झाली. पूर्वीचा गुबगुबीत टायर थोडा दबून जे धक्के जिरवी ते आता कमी जिरू लागले. हे सारे प्रथम एकत्र आले ते ट्रॅकवर. परीक्षा घ्यावीच लागते ती एवढ्यासाठी.

उपाय तर कोणीही सांगेल, गाडी थोडी उंच करा. फट मोकळी राहील, उसळी थांबेल. पण उंच केली की हवेचा भार घटतो. भार घटला की गाडी वळणावर सरपटते. सरपटली की टायर तापतो आणि झिजतो. आले ना फिरून टायरवर! संघांपुढचा पेच हाच होता. टायर सांभाळायचे तर गाडी खाली हवी, आणि खाली ठेवली तर चालकाची पाठ मोडते. एड्रियन न्यूई हा तेव्हा रेड बुलचा मुख्य तांत्रिक अधिकारी होता. त्याने साउदॅम्प्टन विद्यापीठात विद्यार्थी असतानाच गाडीच्या पोटाखालच्या वाऱ्यावर प्रबंध लिहिला होता. त्या संघाची गाडी इतरांच्या मानाने कमी उसळली आणि वर्षातल्या २२ शर्यतींपैकी १७ त्यांनी जिंकल्या. मर्सिडीजला संबंध वर्षात एकच शर्यत जिंकता आली, तीही नोव्हेंबरात, ब्राझीलमध्ये.

दरम्यान गाडीतला माणूस हे सोशीत होता. अझरबैजानची राजधानी बाकू येथे १२ जून २०२२ रोजी शर्यत झाली. तिथला सरळ रस्ता दोन किलोमीटरांहून लांब. हॅमिल्टन चौथा आला, पण गाडीतून उतरताना त्याला सरळ उभे राहता येईना. पाठीला हात लावून तो कसाबसा बाहेर पडला. सात वेळचा जगज्जेता, वय सदतीस. काही संघांचे म्हणणे पडले की ज्यांची गाडी उसळते त्यांनी ती उंच करावी आणि हळू जावे, इतरांना त्याचा भुर्दंड कशाला? शर्यतीच्या न्यायाने हे बोलणे चुकीचे नाही. पण हळू जा असे कोणत्या संघाला सांगून पटेल? चालक तर नाहीच म्हणणार, कारण त्याची जागा घ्यायला दुसरा उभाच असतो. अशा वेळी नियम करणाऱ्यानेच मध्ये पडावे लागते.

एफ. आय. ए. ही नियमन करणारी संस्था मध्ये पडली. ऑगस्ट २०२२ मधल्या बेल्जियमच्या शर्यतीपासून प्रत्येक गाडीचे वरखाली बसणारे धक्के यंत्राने मोजून त्यांना कमाल मर्यादा घातली गेली. आणि २०२३ च्या हंगामासाठी गाडीच्या तळाच्या कडा पंधरा मिलिमीटर वर घ्यायला लावल्या. पंधरा मिलिमीटर म्हणजे मुलांच्या फूटपट्टीवरचा दीड सेंटिमीटर. फेब्रुवारी २०२३ मध्ये गाड्या बहरीनला पुन्हा परीक्षेला आल्या तेव्हा ते आधीचे उसळणे बहुतांशी ओसरलेले होते.